बरं म्हणणारी मुलगी

तेजस्विनी बिराजदारच्या चष्म्याच्या दुकानात, मागच्या अंधाऱ्या खोलीत, डोळ्यातला दाब मोजायचं एक यंत्र होतं. हनुवटी टेकवायची, आतल्या हिरव्या ठिपक्याकडे बघायचं, आणि फट्! डोळ्यावर हवेचा झोत. भलेभले दचकत. मिशीला पीळ देणारे फौजदारसाहेब "आयला!" म्हणून मागे सरकत आणि मग उगाच हसत. तेजस्विनीच्या लेकीला, रेवाला, लहानपणी हे यंत्र म्हणजे जत्राच वाटायची. झोत यायच्या आधीच ती किंचाळायची, आल्यावर खिदळायची आणि पुन्हा हनुवटी टेकवून बसायची. बाहेर गिऱ्हाईक ताटकळत राहायचं.

त्या दिवशी नवा चष्मा करायचा म्हणून तेजस्विनीनं तिला बऱ्याच महिन्यांनी त्या यंत्रासमोर बसवलं. रेवा आता तेरा वर्षांची होती. फट्! पापणी मिटली, उघडली. मान हलली नाही, खांदे हलले नाहीत.

"लागलं का गं?"

रेवा जराशी थांबली. "नाही. झालं का?"

"एक झाला. आता दुसरा."

"बरं."

दुसरा डोळाही तसाच. तेजस्विनी पडद्यावर रेवाचा डोळा मोठा करून बघत होती. माणूस दचकला की पाठोपाठ डोळ्यातली बाहुली रुंदावते, हे तिनं हजारो डोळ्यांत पाहिलं होतं. ते काही माणसाच्या हातात नसतं. रेवाची बाहुली होती तेवढीच राहिली. तेजस्विनीला ते मुळीच आवडलं नाही.

आता हेही सांगायला हवं की तेजस्विनीचा स्वभावच संशयी. दूध आलं की बोट बुडवून बघणार, कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणार, नवरा फोनवर हसला की "कोण होतं?" असं विचारणार. मल्लिनाथ, म्हणजे तिचा नवरा, बियाण्यांच्या कंपनीत होता आणि स्वभावानं अगदी मोकळा. तो म्हणायचा, "हिला पोलिसात जायचं होतं, चुकून चष्म्यात आली." त्यामुळे घरात तिच्या संशयाला कुणी फारसा भाव देत नसे.

पण या वेळी संशयाला जागा होती, आणि ती कळायला आधी 'आवर'ची भानगड कळायला हवी.

मुलांना समाजमाध्यमं वापरू द्यावीत की नाही, यावर आधी खूप रणं माजली. मग सोळा वर्षांखालच्या सगळ्यांना सरसकट बंदी आली. मुलांनी तिचा चोथा केला. कुणी आजोबांच्या नावानं खातं काढलं, कुणी शेजारच्या काकांचा चेहरा कॅमेऱ्यासमोर धरला. शेवटी काही मेंदूतज्ज्ञांनी सुचवलं की वय कशाला मोजता, समज मोजा. त्यांचं म्हणणं साधं होतं. राग, हाव, मत्सर अशा लहरी मेंदूच्या आतल्या भागात उठतात आणि तो भाग लहानपणीच जोमात असतो. त्या लहरींना लगाम घालणारा भाग कपाळामागे असतो आणि तो पिकायला विशी उलटावी लागते. काही मुलांचा मात्र लवकर पिकतो. लहर उठली की बाहुली रुंदावते आणि बोट पडद्याकडे निघतं. लगाम असेल तर ते बोट वाटेत क्षणभर थबकतं. हे थबकणं फोनच्या कॅमेऱ्याला आणि पडद्याला मोजता येतं.

त्यातून 'आवर' निघालं. परीक्षेला बसायचं, समोर मुद्दाम चिडवणारी, खिजवणारी, लाडीगोडी लावणारी चित्रं आणि वाक्यं येणार, आणि यंत्र तुमचा लगाम मोजणार. पास झालात तर खातं मिळणार, वय काहीही असो. एवढ्यावर ते थांबत नसे. फोन चालू असेतो 'आवर' डोळ्यांवर आणि आवाजावर नजर ठेवून असायचं. सगळं ठीक असलं की पडद्याला हिरवी कड. तोल सुटला की कड लाल, आणि खातं वर्षभर बंद. मोठ्यांना ही परीक्षा नव्हती. असती तर तेजस्विनीच्या सोसायटीचा ग्रुप पहिल्याच दिवशी ओस पडला असता.

परीक्षा निघाली म्हटल्यावर लातूरला काय सांगायचं! डॉक्टर घडवणाऱ्या क्लासांच्या गल्लीत, ज्यूसच्या गाड्यांच्या आणि झेरॉक्सच्या दुकानांच्या मधोमध, आवरचे क्लास उघडले. त्यातला हलगे सरांचा 'स्थिरमती' सगळ्यात जोरात. रेवाला तिथं घातलं ते तेजस्विनीनंच. तिला समाजमाध्यमांवर काडीचा विश्वास नव्हता. पण रेवाच्या वर्गातल्या निम्म्या पोरी पास झाल्या होत्या, त्यांचं सगळं बोलणं, हसणं, ठरवणं तिकडं चालायचं, आणि रेवा रोज शाळेतून रडत यायची. "मला कुणी काही सांगतच नाही," म्हणायची. लेकीचं रडणं तेजस्विनीला बघवेना.

हलगे सरांची युक्ती एका शब्दाची होती. काहीही आलं, शिवी आली, स्तुती आली, की मनातल्या मनात 'बरं' म्हणायचं. सावकाश, श्वासाबरोबर. शब्द संपेपर्यंत लहर ओसरते. मुलं दिवसभर सराव करायची. पुढं पुढं तो मनातला शब्द तोंडावर आला.

रेवा पहिल्याच झटक्यात पास झाली. नुसती पास नाही, जिल्ह्यात पहिली. तेजस्विनीनं दुकानात पेढे वाटले. चौकात मोठा फ्लेक्स लागला, त्यावर रेवाचा बसस्थानकाच्या घड्याळाएवढा चेहरा आणि खाली 'आमची स्थिरमती'. मल्लिनाथ मुद्दाम वाट वाकडी करून त्या चौकातून गाडी घ्यायचा.

घरातही मोठं सुख झालं. अभ्यासाला बस, बरं. भाजी संपव, बरं. आजीला फोन लाव, बरं. पूर्वी एका वाक्याला तीन 'का' यायचे, ते सगळे गेले.

दाबाची तपासणी झाली त्याच संध्याकाळी मल्लिनाथ जेवताना म्हणाला, "रेवा, आपलं हंपीला जायचं रद्द झालं बघ बाळा. मला सुट्टी देत नाहीयेत."

हंपीसाठी रेवा वर्षभर मागं लागली होती. तेजस्विनी घास हातात धरून तिच्याकडं बघत राहिली.

रेवा जराशी थांबली. "बरं," म्हणाली आणि धपाट्याला शेंगाचटणी लावू लागली.

ती आत गेल्यावर मल्लिनाथ खुशीत होता. "बघ, किती शहाणी झाली! आपण एवढ्या वयात आदळआपट केली असती."

"अहो, तेच तर म्हणते मी. आदळआपट कुठं गेली?"

"आता आदळआपट पण पाहिजे का तुला? कसला संशय घेलालीस लेकराचा?"

"लेकराचा नाही. त्या बरंचा."

मल्लिनाथ हसला. तेजस्विनी हसली नाही. तिला वाटत होतं की आपल्या घरात आपल्या मुलीच्या जागी दुसरंच कुणीतरी जेवतंय, आणि ते कुणाला बोलून दाखवायचीही सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती हलगे सरांकडं गेली. सर उंच, गोरे, आवाज लोण्यासारखा. त्यांनी बसायला सांगितलं, चहा मागवला.

"सर, रेवाची बाहुली हलत नाही."

"म्हणजे?"

"दचकल्यावर मोठी होत नाही. मोठ्या माणसाचीसुद्धा होते. यंत्राला तेच बघायचं असतं ना? लहर उठायला पाहिजे आणि माणसानं ती आवरायला पाहिजे. हिच्यात उठतच नाही. मग ही आवरते काय?"

हलगे सर थोडे थांबले. ते थांबणं तेजस्विनीनं बरोबर हेरलं. हा माणूसही मनात 'बरं' म्हणतोय, तिला वाटलं.

"मॅडम," ते म्हणाले, "उठून आवरलं तर नव्वद टक्के. उठलंच नाही तर शंभर. यंत्राला फरक कळत नाही. आणि आईवडलांना शंभरच पाहिजे असतात की!"

पेढे तेजस्विनीनंच वाटले होते. चहा अर्धा टाकून ती उठली.

त्यानंतर ती रेवावर पाळत ठेवू लागली. रेवा रात्री झोपेत तरी ओरडते का, एकटी असताना गुणगुणते का, आरशात तोंड वाकडं करते का. काही नाही. फोनला हिरवी कड, चेहरा शांत. "तुला काही होतंय का गं?" विचारलं की थोडं थांबून "नाही." तेजस्विनीला आता त्या थांबण्याचीच भीती वाटू लागली. तेवढ्या वेळात आत काय पुरलं जातंय, कुणास ठाऊक!

आणि मग एका दुपारी सानवी शेटे चष्म्यासाठी शाळेतून लवकर निघून दुकानात आली. ही रेवाची बालवाडीपासूनची मैत्रीण. पूर्वी घरीच पडलेली असायची, अलीकडं येणं बंद झालं होतं. आई तिला सोडून बाजारात गेली. तेजस्विनीनं तिला अंधाऱ्या खोलीत बसवलं, डोळ्यांवर चाचणीची जड चौकट चढवली आणि भिंग बदलू लागली. अंधारात, एक डोळा झाकलेला असताना माणसं बरंच काही बोलून जातात, हा तिचा जुना अनुभव होता.

"काकू, रेवा बरी आहे का?"

"का गं? शाळेत भेटते की रोज."

 एकदम सानवीचा बांध फुटला. "ती शाळेत येत नाही काकू. सोमवारपासून."

तेजस्विनीच्या हातातलं भिंग ट्रेमध्ये पडलं. रेवा रोज डबा घेऊन, गणवेश घालून वेळेवर निघत होती.

"नीट सांग मला. रागवत नाही मी."

सानवीनं सांगितलं ते असं. पास झालेल्या पोरांमध्ये एक खेळ निघाला होता, 'लाल करणं'. एखाद्याला इतकं खिजवायचं की त्याचा तोल सुटतो, कड लाल होते आणि खातं बंद पडतं. आज कुणी किती जणांना लाल केलं, यावर शाळेत मान मिळायचा. सानवी स्वतः पहिल्याच आठवड्यात लाल झाली होती. ती आता बहिणीच्या फोनवरून चोरून सगळं बघायची. पण रेवाला लाल करणं कुणालाच जमत नव्हतं. फ्लेक्सवरची पोरगी! मग अख्खी शाळा तिच्या मागं लागली. तिच्या दातांवरून, तिच्या आईच्या दुकानावरून, नाही नाही ते.

"आम्ही काहीपण लिहिलं तरी ती 'बरं' म्हणायची. मग मला लई राग आला. मी लिहिलं, उद्यापासून शाळेत तोंड दाखवू नको. ती म्हणली, बरं." सानवी चौकटीच्या आड रडत होती. "मला वाटलं ते तिचं नेहमीचं बरं आहे. ती खरंच यायचीच बंद झाली. काकू, मी गंमत करलालते."

तेजस्विनीनं तिच्या डोळ्यांवरची चौकट काढली, तिला बाहेर बाकावर बसवलं, हाताखालच्या पोराला दुकान बघायला सांगितलं आणि स्कूटर काढली. कुठं जायचं हे तिला लगेच कळलं होतं. ज्या मुलीला दिवसभर कुणाला तोंड दाखवायचं नाही, तिला या शहरात बसायला एकच जागा होती.

चौकात फ्लेक्सवर रेवाचा प्रचंड चेहरा हसत होता. त्याच्या खालून जाताना तेजस्विनीला रडू कोसळलं.

'स्थिरमती'च्या अभ्यासिकेत लाकडी फळ्यांनी आडोसा केलेल्या खुराड्यांची रांग होती. शेवटच्या खुराड्यात रेवा गणवेशात बसली होती. समोर फोन. पडद्यावर शिव्यांची वाक्यं एकामागून एक येत होती आणि ती प्रत्येकाखाली शांतपणे 'बरं'वर बोट टेकवत होती. डब्यातले धपाटे खाऊन झालेले होते.

"चल," तेजस्विनी म्हणाली.

"बरं."

घरी न जाता तिनं रेवाला दुकानात आणलं. सानवी तोवर गेली होती. मागच्या खोलीत जाऊन तेजस्विनीनं दार लावलं. दोघी समोरासमोर बसल्या, मध्ये ते हवेचं यंत्र. रेवानं सवयीनं फोन टेबलावर उभा करून ठेवला. हिरवी कड अंधारात चमकत होती.

"तू शाळेत का गेली नाहीस?"

"त्यांनी नको म्हटलं."

"त्यांनी म्हटलं आणि तू ऐकलंस? मला का नाही सांगितलंस?"

थांबणं. "तू विचारलं नाहीस."

"तुला वाईट नाही वाटलं? सानवीनं, आपल्या सानवीनं, असं लिहिलं तेव्हा?"

रेवानं खरोखरच आठवून बघितलं. "वाटलं होतं," ती म्हणाली. "मग गेलं."

"कुठं गेलं?"

रेवा यंत्राकडं बघू लागली. तेजस्विनीच्या मनात आलं, उद्या रस्त्यावरच्या कुणी हिला चल म्हटलं तरी ही बरं म्हणेल. भीती हीसुद्धा एक लहरच की! तीही आपण शिकवणी लावून घालवली.

"मी खातं बंद करते तुझं."

"बरं."

"शाळा पण बंद करते. घरात बस."

"बरं."

"तुझे दात तसेच आहेत. सानवी खोटं काय बोलली?"

बोलून गेल्यावर तेजस्विनीला आपलीच शिसारी आली. रेवाच्या हनुवटीखाली काहीतरी हललं, पण क्षणभरच.

"बरं."

मग तेजस्विनीच्यानं राहवलं नाही. ती टेबलावर डोकं टेकून हमसाहमशी रडू लागली. दुकानात गिऱ्हाईक असेल, पोरगा ऐकेल, कशाचीच शुद्ध राहिली नाही. "मीच घातलं गं तुला तिथं," ती रडता रडता म्हणत होती. "मला तुझं रडणं बघवलं नाही म्हणून घातलं. आता रड गं बाई. एकदा रड."

रेवा तिच्याकडं बघत बसली. मग तिनं हळूच विचारलं, "आई, तू मला लाल करलालीस का?"

तेजस्विनीचं रडणं जागच्या जागी थांबलं.

तिनं वर बघितलं. रेवाच्या डोळ्यांत संशय होता. अगदी तिचाच, दुधात बोट बुडवून बघणारा, कुलूप ओढून बघणारा संशय. तिच्या मुलीनं आईचं रडणंही यंत्रात घालून तपासलं होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तेजस्विनीला स्वतःलाच सांगता येईना की ते रडणं किती खरं होतं आणि किती मुद्दाम. दातांवरून ती मुद्दामच बोलली होती. मग हे आसू तरी?

खोटं बोलायची आता सोय नव्हती.

"हो," ती म्हणाली. "करलालीय."

रेवाचा चेहरा पांढरा पडला. "तू पण?"

"हो. मी पण."

"मी होणार नाही," रेवा म्हणाली. या वेळी ती आधी थांबली नव्हती. "सगळ्यांनी केलं. सानवीनं केलं, नववीच्या पोरांनी केलं, मी झाले नाही. तू कर नाहीतर कुणीपण कर, मी होणार नाही. नाही होणार! नाही! नाही!"

शेवटचा 'नाही' दुकानाच्या दारापर्यंत गेला असेल. टेबलावरच्या फोनची कड फिकट झाली, लुकलुकली आणि लाल झाली. अख्खी खोली त्या उजेडानं भरली.

रेवा फोनकडं बघत राहिली. मग तिनं तो उचलला आणि भिंतीवर आपटला. काही दिवसांत, काही महिन्यांत जे जे गेलं होतं ते सगळं एकदम परत आलं. ती ओरडत होती, हुंदके देत होती, बाकाला लाथा मारत होती. "तू केलंस! सगळ्यांना जमलं नाही ते तू केलंस! माझं सगळं गेलं! आता माझ्याशी कोण बोलणार? तू खोटारडी आहेस, मी तुझ्याशी कधी, कध्धी बोलणार नाही!"

त्यातलं बरंचसं खरं होतं, हे तेजस्विनीला कळत होतं. उद्या शाळा तशीच असणार होती, फ्लेक्स तसाच असणार होता, हलगे सरांचा फेरपरीक्षेसाठी फोन येणार होता. आणि लेक पुन्हा आपल्यावर विश्वास कधी टाकेल, टाकेल की नाही, तेही कळायला मार्ग नव्हता. तिनं हात पुढं केला.

रेवानं तो झटकला.

तेजस्विनीनं पुन्हा हात पुढं केला. रेवानं तो पुन्हा झटकला, या वेळी नखं लागली. यंत्राच्या अंधुक उजेडात तिच्या रडून लाल झालेल्या डोळ्यांत बाहुल्या चांगल्या टपोऱ्या झाल्या होत्या. झटकताना ती जराही थांबली नव्हती.

मनगटावरचा ओरखडा चोळत तेजस्विनी बसून राहिली. फार दिवसांनी तिला बरं वाटलं.